एका प्रार्थनेएवढा वेळ

टनेल चालू झाला आणि दानिएलचं शिरूरला जाणं सुटलं.

आधी पशुखाद्य कंपनीचं दौंडचं ऑफिस आणि शिरूरचं गोडाऊन भाड्याच्या टेलिफोन लाइनीनं जोडलेलं होतं. ती सारखी बंद पडायची. पडली की दानिएल, कंपनीचा नेटवर्कवाला, न्हावऱ्यामार्गे एसटीनं शिरूर गाठायचा, लाइन दुरुस्त करायचा आणि आईच्या हातची भाकरी खाऊन परतायचा. २००३ साली कंपनीनं ती लाइन सोडली. त्यानं साध्या इंटरनेटमधूनच दोन्हीकडच्या राउटरांमध्ये टनेल बांधला. रस्ता सगळ्यांचा, पण आपला माल कुलूपबंद. फोनही त्यातूनच, फुकट.

गोडाऊनची झाडलोट आणि चहा त्याची आई दयाबाई बघायची. राउटरमधले बदल रविवारी, गोडाऊन बंद असताना करायचे. किल्ली दयाबाईकडं. चर्चमधल्या उपासनेहून ती थेट तिकडं येऊन बसे.

"आई, राउटरचा हिरवा दिवा गेला की तो डबा बंद करायचा, अर्धं मिनिट थांबायचं, मग चालू."

"अर्धं मिनिट मला काय कळतंय? एक प्रभूची प्रार्थना म्हणते आन् लावते बटण."

दानिएल धीट झाला. दौंडला बसून शिरूरच्या राउटरची मांडणी बदलायची, पण नीट चालल्याशिवाय सेव्ह करायची नाही. चुकून संपर्क तुटलाच, तर आई डबा बंद-चालू करी आणि जुनी मांडणी परत येई.

"दानू, एकदा तूच ये की बटण दाबाया."

"तू असताना मी कशाला?"

"व्हय बाबा, पगार तुझा आन् काम माझं." ती हसली. मग म्हणाली, "पर तू दिसत न्हाईस रं फोनमधी."

"नाताळला येतो."

नाताळाआधीच दयाबाई झोपेत गेली.

दफनानंतर काही रविवारांनी दानिएल पुन्हा कामाला बसला. शेजारी ऑफिसातला मदतनीस शंभू होता. शिरूरच्या राउटरमध्ये एक नवी वाट घालायची होती. दानिएलनं नको ती चूक केली: टनेलच्या दौंडकडच्या तोंडाशी पोचायची वाटच त्या टनेलमधून टाकली, जणू पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप लावलं. टनेल पडला.

सवयीनं तो वाट बघू लागला. ओठांवर प्रार्थना आली, संपली. दौंडच्या राउटरवरचा दिवा लागला नाही. तो पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला.

"साहेब," शंभू हळूच म्हणाला, "तिथं कोण हाय आता?"

आईच्या सामानातून आलेली किल्ली घेऊन दानिएल एसटीत बसला.

गोडाऊनमध्ये राउटरसमोर तिचं स्टूल तसंच होतं. राउटरवर तिनं विणलेला क्रोशाचा रुमाल, त्याला दिव्यापुरतं भोक ठेवलेलं. त्यानं बटण बंद केलं. प्रार्थना म्हटली, तिच्यासारखी सावकाश. बटण लावलं. थोड्या वेळानं हिरवा दिवा आला आणि फोन वाजला.

"आलं साहेब, चालू झालं!" शंभू ओरडला. "तिथं कशाला थांबताय? बाकीचं हितूनच होतंय सगळं."

"होतंय की," दानिएल म्हणाला आणि फोन ठेवून आईच्या स्टुलावर बसून राहिला.