कूलर बंद केला ती दुपार

पियानोबद्दल मी लिहावं हे जरा धाडसच आहे, आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. यावलजवळच्या आमच्या गावात वाद्य म्हणजे लग्नातला बँड.

जळगावला मी आणि शिरपूरचा एक मित्र खोली घेऊन राहायचो. घरमालक शेठजींचं कापडाचं दुकान. त्यांची मोठी मुलगी, आम्ही तिला ताई म्हणायचो, भिंतीपलीकडे पियानो वाजवायची. डावा हात तेच चार सूर फिरवत राहायचा.

"हिनी सुई अटकी गई का रे?" मित्र म्हणायचा.

मलाही आधी तसंच वाटलं. मग कधीतरी लक्षात आलं, चार सूर तेच असले तरी वरून उजवा हात एकेक सूर सोडतोय, आणि तो लगेच संपत नाही, विरघळत जातो. केळीच्या बागेत पानांतून ऊन खाली येतं, जागा बदलत राहतं, तसं. मी पुस्तक मिटून ऐकत बसायचो. इतक्या थोड्यात इतकं मावतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मे महिन्यात ताई दारात आली. परदेशातल्या एका संगीत कंपनीने तिनं पाठवलेलं रेकॉर्डिंग परत पाठवलं होतं. मागे सतत घरघर येते म्हणे. ती आमच्या कूलरची होती.

"महिनाअखेरपर्यंतच घेणार आहेत ते. उद्या दुपारी तासभर बंद ठेवाल का, भाऊ?"

"ताई, आम्हाले उनमा भाजीसन खासी का?" मित्र म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी बटण त्यानेच बंद केलं.

ओले टॉवेल डोक्यावर घेऊन आम्ही फरशीवर बसलो. पंखाही बंद. ताई वाजवत होती, तसं तिनं आधी कधी वाजवलं नव्हतं. घाम डोळ्यांत जात होता आणि मला तो पुसावासा वाटत नव्हता. शेवटचा सूर विरत होता, तेवढ्यात मित्राच्या ओल्या हातातून स्टीलचा तांब्या निसटून फरशीवर पडला.

मग ताई दारात आली. मित्र मान वर करेना.

"परत वाजवता येईल," ती म्हणाली, "पण असं नाही येणार. हेच पाठवते."

सुट्टीत मी धुळ्याला मामांकडे गेलो. मित्र जळगावलाच थांबला. रोज फोन करायचा, त्या विषयावर मात्र बोलायचा नाही. एका दुपारी त्याचा आवाज वेगळाच होता.

"रेकॉर्डिंग पास व्हयनं रे, बठ्ठं, शेवटपर्यंत." मग म्हणाला, "तांब्या बी शे त्यामा."