नाल्यापलीकडचा हात

कुंडलिकेच्या काठावरचा फिरायचा रस्ता दोन तुकड्यांत आहे. मधल्या नाल्यावर पूल नाही. पुलाला निधी मिळावा म्हणून मी रोज सकाळी तिथे उभा राहून अर्जावर सह्या घेत होतो.

एक म्हातारे चाचा रोज नाल्यापर्यंत येत, टोपी नीट करत, उजवा हात उंच करून दोन-तीनदा हलवत आणि माघारी वळत. मला तो व्यायाम वाटायचा. सकाळी लोक हातपाय कसेही हलवतात.

एके दिवशी अर्ज त्यांच्यापुढे धरला. चष्मा पुसून त्यांनी तो पूर्ण वाचला. 'नागरिकांच्या विरंगुळ्यासाठी' या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

"बराबर लिहिलंय," ते म्हणाले. "पण समोर माझी आपा येती, मोठी बहीण. दोघांच्याबी गुडघ्यांना सडकेचा फेरा झेपत न्हाई. म्हणून मंग इथूनच हात करतो."

त्यांनी सावकाश उर्दूत सही केली. पेन परत देताना म्हणाले, "जल्दी होऊ द्या साहेब. तिला आता माझा हात दिसून न्हाई राह्यला."

मग त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. पलीकडची म्हातारी भलत्याच बाजूला तोंड करून हात हलवत होती.