टीव्हीत गंजी पेटवणारी अलका

सकाळी फोडणीत मोहरी टाकली आणि फोन वाजला. सांगलीहून अलकाचा भाचा बोलत होता. "मावशी... आत्या गेली." मोहरी करपून घरभर धूर झाला तरी मी तशीच उभी. आदल्याच दिवशी सांगलीच्या दवाखान्यातनं ती फोनवर मला दम देत होती, "माझ्यामागं लय रडू नगंस गं, रडताना तू अजिबात बरी दिसत न्हाईस."

त्याला महिना उलटून गेला. रडून झालं. आता बोलते, कारण अलकाबद्दल लोकांनी आयुष्यभर बोलून घेतलंय. आता माझी पाळी.

आम्ही दोघी औंधच्या, शाळेत एका बाकावरच्या. दहावीला होतो तेव्हा टीव्हीवरच्या एका भुताखेतांच्या मालिकेचं शूटिंग गावात आलं. त्यात काम करणारी मुंबईची पोरगी तापानं झोपली आणि तिच्या जागी दिग्दर्शकानं अलकाला उचललं. टपोरे डोळे, आणि बघायची ती पापणी न लववता. गोष्ट अशी, की एका सोळा वर्षांच्या पोरीला राग आला आणि तिनं रोखून बघितलं की समोरचं पेटतं. कडब्याची गंजी पेटते, मग घाबरलेलं गाव तिला खोलीत कोंडतं. ती गंजी मागून रॉकेल ओतून दोघा बाप्यांनी पेटवली होती, आणि ते साऱ्या औंधानं उघड्या डोळ्यांनी बघितलं होतं. तरी भाग टीव्हीवर लागला, त्याच आठवड्यात कुणाची म्हैस आटली, आणि गावाला रॉकेलचा डबा आठवेना! म्हशीवर म्हणे अलकाची नजर पडली होती. आता काय बोलणार, कपाळ?

स्थळं यायची, पोहे खायची आणि परत जायची. अलका काही रडत बसणारी नव्हती. माझं लग्न होऊन मी कराडला आले, पाठोपाठ तीही शिवणाचं मशीन घेऊन आली. झबली, टोपडी, दुपटी... असा हात की बघत राहावं. आमच्या पेठेतल्या निम्म्या पोरांच्या अंगावर पहिलं झबलं तिचं. पण औंधातली बोलवा कराडातही पोचली होती; झबलं चालायचं, तिचे हात चालायचे नाहीत. ही दारात दिसली की बायका तान्ह्यावर पदर ओढायच्या. ती हसून सोडून द्यायची. एकदा मात्र मशीनचं चाक हातानं थांबवून म्हणाली, "माप घ्यायपुरतं तरी कुणी पोर मांडीवर द्यावं गं... एवढंच पायजे मला." त्या बायकांचा मला संताप आला. अजून येतो.

माझ्या मुलाचं बारसं ठरलं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, ठसक्यात म्हणाल्या, "त्या पोरीला न्हाई बोलवायचं. नजर वाईट हाय तिची."

"आवं आत्याबाई, पोराच्या अंगावरचं झबलं तिनंच शिवलंय. लागायची ती नजर शिवतानाच लागली असती की!"

मी बोलावलंच. अलका येऊन दाराशी बसली. मी भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत पाळण्यातनं बाळ उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. बायकांनी आपापली पोरं पदराखाली ओढली. आणि आमच्या चिरंजीवांनी तिची नवीकोरी साडी भिजवली! अलका मोठ्यांदा म्हणाली, "घ्या! विजवली बघा आग!" हशा पिकला. त्या दिवसापासून एकेक बाई तिच्या मांडीवर पोर द्यायला लागली, आणि पुढं तर माप द्यायच्या निमित्तानं तिच्याकडं पोर सोपवून बाजारात जायला लागल्या.

आत्याबाई मात्र हलल्या नाहीत. अलका आली की नातवाला उचलून माजघरात, वर दार बंद. कोयना आटेल, पण म्हातारीचा हेका सुटायचा नाही, असं आम्ही दोघी म्हणायचो. अलका हसायची, पण त्या बंद दाराकडं तिची नजर जायचीच.

गेल्या आठवड्यात मुलगा घरी आला. त्यानं तो जुना भाग इंटरनेटवर कुठूनतरी शोधून काढला आणि टीव्हीवर लावला. आत्याबाई आता नव्वदीला टेकल्यात. मी म्हटलं, "तुम्ही आत पडा जरा, तुम्हाला नको ते."

"लाव. म्या कुटं बघितलाय?"

मी उडालेच. "बघितला नाही? मग एवढी वर्षं..."

"समदी सांगत हुती," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसून बसल्या.

गंजी पेटली. म्हातारी लगेच म्हणाली, "रॉकेल हाय ते. धूर बघ की कसा काळाकुट्ट." मला हसावं की डोकं आपटावं कळेना. मग शेवटचा प्रसंग आला. बाहेरून कडी लागते, आणि आत दाराला पाठ लावून आमची सोळा वर्षांची अलका रडत बसते. आत्याबाई पुढं वाकल्या.

"आगं, पोर रडतीया की! कुणी जवळ घेत न्हाई व्हय तिला?"

म्हातारी काठी टेकत उठली, टीव्हीपाशी गेली. पडद्यावरच्या अलकाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा, सगळीच्या सगळी.

"लय नजर लागली हुती गं पोरीला," त्या म्हणाल्या.