रापणीच्या किनाऱ्यावरची शिट्टी

नम्रताच्या शिट्टीमुळे सुगंधाचा भात आठवड्यात तीनदा गिजका झाला, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पण त्याच शिट्टीमुळे रापणीतले बांगडे सुटले आणि वाडीभर बोभाटा झाला.

कुणकेश्वराच्या देवळापासून चालत अर्ध्या तासावरच्या त्या वाडीत नम्रता लहानाची मोठी झाली. वडील जहाजावर, वर्षातले आठ महिने बाहेर. घर, पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या आणि ही पोर, सगळं सुगंधाच्या अंगावर. सुगंधा कणकवलीच्या कॉलेजातून बी. ए. झालेली, चार पुस्तकं वाचलेली. तरी मुलगी पाण्यात उतरली की ही हातातलं काम टाकून दारात. समुद्राकाठी राहून पोहता येत नाही असं नको, म्हणून तिनंच तिला पोहायला घातलं. मग मुलगी लांब जायला लागली तशी तीच वाळूत उभी राहून हाका मारू लागली.

"आई, तुझी हाक माका आयकाक येना नाय," आठ वर्षांची नम्रता म्हणाली होती. "शिटी मार."

सुगंधाला शिट्टी येत नव्हती. तिच्या माहेरी मुलींनी शिट्टी मारली की साप येतो म्हणायचे. नम्रताला मात्र सगळ्या यायच्या. माडाच्या पात्याची गुंडाळी करून वाजवायची पिपाणी, कोय घासून केलेली पिपाणी, नुसत्या ओठांची बारीक शीळ. एकच जमली नाही, तोंडात दोन बोटं घालून मारायची. ती वाडीत एकट्या भाईंची.

भाई म्हणजे रापणीचे म्होरके. रापणीत होडी मोठं जाळं घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते आणि जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात, एक उत्तरेच्या टोकाला, एक दक्षिणेच्या, मध्ये चारेकशे पावलं. दोन्हीकडची माणसं सारख्या नेटानं ओढतील तरच मासळी आत राहते. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून भाई उत्तरेच्या टोकाला, होडीपाशी उभे राहून शिट्टी मारायचे. एक लांब, म्हणजे ओढा. दोन तुटक, म्हणजे थांबा. चाळीस वर्षं हाच कायदा.

बी. एस्सी. झाल्यावर नम्रतानं जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेतलं. ग्रामपंचायतीनं तिला ऑक्टोबर ते मे किनाऱ्यावर नेमलं. लाल टोपी, पिवळा टी-शर्ट, गळ्यात नारिंगी शिट्टी. तिचाही कायदा होता. एक तुटक, म्हणजे फार पुढे जाऊ नका. एक लांब, म्हणजे कुणाच्या तरी जिवावर बेतलंय, सगळे बाहेर या. त्या लांब शिट्टीनं सुगंधा चुलीवर असेल ते टाकून पळत सुटायची. कुकरच्या किती झाल्या ते कोण मोजणार?

डिसेंबरातल्या एका रविवारी हवेच्या ट्यूबवर बसलेला एक मुलगा भरकटत आत गेला. नम्रतानं लांब शिट्टी दिली, पाण्यात झेपावली आणि पाच मिनिटांत त्याला त्याच्या बापाच्या हातात दिलं. तिकडे रापण लागलेली होती. दक्षिणेच्या लोकांनी शिट्टी ऐकली आणि जीव खाऊन दोर ओढला. उत्तरेचे, भाई शेजारीच गप्प उभे दिसत असल्यामुळे, हलले नाहीत. जाळं वाकडं झालं आणि बांगड्यांचा थवाच्या थवा खालून निघून गेला.

संध्याकाळी भाई ग्रामपंचायतीत गेले.

"सुगंधाचा चेडू बरा आसा. पॉर वाचयला, ह्या माका मान्य," ते म्हणाले. "पण एका किनाऱ्यार दोन शिट्यो चलाच्यो नाय. शिटी बंद करा, नायतर तेका दुसरीकडे धाडा."

सरपंचांनी आठ दिवस दिले. आपसात मिटवा, नाहीतर नेमणूक रद्द.

खरं सांगायचं तर सुगंधाला आतून थोडं बरं वाटलं. मुलगी कोरड्या जमिनीवर राहील, कणकवलीत एखादी ऑफिसातली नोकरी बघेल. पण नम्रता त्या रात्री जेवलीच नाही.

"शिटीशिवाय मी थंय काय करू? हात हलवू?" ती ताटाकडे बघत म्हणाली. "बुडणारो माणूस किनाऱ्याकडे बघीत नसता, आई. आणि माका दुसरा काय करूचाच नाय."

सुगंधाला तो ट्यूबवरचा मुलगा आठवला. त्याचीही आई होती, किनाऱ्यावर उभी राहून हाका मारणारी. दुसऱ्या दिवशी तीच नम्रताला घेऊन कणकवलीला गेली आणि बाजारात मिळतील तेवढ्या शिट्ट्या घेऊन आली. बसच्या कंडक्टरकडे असते तशी, आत दाणा फिरणारी स्टीलची. शाळेच्या मैदानावरची प्लास्टिकची. बिनदाण्याच्या चपट्या दोन. घरी टेबलावर मांडल्यावर दुकानच वाटलं.

कुठली शिट्टी भाईंच्या शिट्टीपेक्षा वेगळी ऐकू येते ते बघायला परीक्षा घ्यायची, ही कल्पनाही तिचीच. दक्षिणेच्या लोकांनी आपल्या जागी पाठ करून उभं राहायचं. उत्तरेच्या टोकाला भाई आणि नम्रता आळीपाळीनं शिट्टी मारतील. भाईंची वाटली की हात वर.

"माझी शिटी वळखूक परीक्षा होयी?" भाई हसले. "घेवा. सगळे पास जातले."

सुगंधा वही घेऊन दक्षिणेच्या लोकांत उभी राहिली. नम्रताची नारिंगी शिट्टी आली, सगळे हात वर. शाळेची आली, काही हात वर, काही खाली. मग बराच वेळ काहीच आलं नाही. सुगंधानं मागे वळून बघितलं तर भाई बोटं तोंडात घालून, पुढे वाकून उभे. हात एकही वर नाही. पुन्हा तेच. सुगंधालाही फक्त वारा ऐकू येत होता.

"बाबू, भाईंनी आत्ता दोनदा मारल्यानी," ती हळूच म्हणाली.

बाबू हा दोरावरचा पहिला माणूस. त्यानं मान वळवली नाही. "ठावक आसा, वयनी."

"म्हणजे?"

"दोन वर्सा झाली, भाईंची शिटी हयसर येना नाय. फुडले दात गेले तेवापासून. आमी पलीकडच्यांचे हात बघून वढतो."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी असली खणखणीत इली," बाबू म्हणाला, "आमका वाटला भाईंनी नवे दात बसयले. खुशयेन वढलो."

शेजारचे दोघे खाली बघून हसू दाबत होते.

"मग सांगायचं नाही त्यांना?"

"कोणी सांगूचा? तुमी शिकलेली माणसा. तुमी सांगा."

चारशे पावलं सुगंधाला चार मैल वाटली. मुलीची नोकरी हातात आली होती, पण ती एका माणसाच्या चाळीस वर्षांवर पाय देऊन. पोचली तेव्हा भाई दोन्ही बोटं लुंगीला पुसत होते.

"काय गो बी. ए., निकाल काय?"

"वाऱ्यामुळे नीट कळलं नाही, भाई."

"वारो उत्तरेचो आसा. तिकडेच जाता." भाई वाळूत बसले. "खोटा बोलाक तुका येना नाय."

मग ते नम्रताला म्हणाले, "बघूया तुझ्यो शिट्यो."

चपटी त्यांनी हातात घेऊन परत केली. स्टीलची उचलली.

"ती माझ्या कामाची नाय," नम्रता म्हणाली. "पाणी गेला काय आतलो दाणो अडाकता. पाण्यात बिनदाण्याचीच होयी. तुमी सुकेर उभे ऱ्हवतात, तुमका चलात. आणि आवाज थरथरतो येता, माझ्यासारखो सरळ नाय."

भाईंनी फुंकली. फुर्रर्र करत आवाज किनाराभर पसरला. दक्षिणेला सगळे हात वर गेले, आणि बाबूचा आवाज तरंगत आला, "कंडक्टर, कसालचा एक तिकीट द्या!"

"सुट्टे पैसे काढ आधी, मेल्या," भाई ओरडले, आणि त्यांनी शिट्टी खिशात टाकली.

ठरलं ते असं. थरथरती रापणीची, सरळ जीवरक्षकाची. भाईंनी स्वतः जाऊन सरपंचांना सांगितलं, पण दातांचा विषय सोडून.

पुढच्या रविवारी सुगंधा सकाळपासून किनाऱ्यावरच होती. रापण लागली होती, दोन्ही दोर ताणलेले, माणसं भाईंच्या इशाऱ्याला टपलेली. इतक्यात खडपाच्या, खडकाळ बाजूला दोन तरुण गळ्याएवढ्या पाण्यात गेलेले नम्रतानं पाहिले आणि लांब शिट्टी दिली. सुगंधानं पाण्याकडे बघितलंच नाही. ती दोराकडे बघत राहिली. बाबू दोर धरून शेजारच्याशी गजाली करत होता. त्यानं मानही वळवली नाही. दोर तसूभर हलला नाही. थोड्या वेळानं ते दोन तरुण तोंडं पाडून बाहेर आले.

उत्तरेकडून भाई चालत आले, गळ्यातली शिट्टी छातीवर हलत होती.

"बघलंस?" ते म्हणाले. "तुझ्या चेडवाक आता हयसर कोण इचारीत नाय."

"खरंच नाही विचारत हो," सुगंधा म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.