पाठमोऱ्या स्त्रियांचे चित्रकार

हैबतीबाबा मूळचे पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका डोंगरवाडीचे. ऐन तारुण्यात मुंबईला गेले आणि एका छापखान्यासाठी मुलांच्या चित्रकथा काढण्यात त्यांचे आयुष्य सरले. म्हातारपणी ते वाडीवर परतले. १९९३ च्या उन्हाळ्यात आमच्या महाडच्या शाळेतल्या चित्रकलाशिक्षक श्रीधरने त्यांचे जुने अंक मिळवून प्रदर्शन मांडले आणि त्यांच्या कलेचे गुणदोष सांगण्याचे काम तिथेच संस्कृत शिकवणाऱ्या माझ्याकडे दिले.

गुण उघड होते. त्यांच्या रेषेतून घोडे उधळत, कशेडीसारखे घाट वळत, चार फटकाऱ्यांत आभाळ भरून येई. दोषही तेवढाच उघड होता. राणी असो की दासी, त्यांच्या चित्रातली स्त्री सदैव पाठमोरी. रसाचे अधिष्ठान मुख. तेच झाकले तर करुण उमटावा कोठे? हे मी प्रदर्शनाच्या सभेत बाबांसमोरच बोललो.

बाबा हसले. "खरं हाय, गुरुजी. बाईमाणसाचं तोंड मला येत नाय. घरचीचं पन कधी जमला नाय."

शेजारी बसलेली त्यांची पत्नी आवडी फणकारली, "बरा झाला! मी काय शिनेमातली हाय, तोंड छापायला?"

सभा खळखळून हसली.

पुढच्या आषाढात आवडी तापाने गेली. तिचा फोटो कधी कोणी काढलेलाच नव्हता. बाराव्याला पाटावर काय ठेवायचे? मुंबईहून आलेला मुलगा भरत रिकामी फ्रेम पुढे करून म्हणाला, "बाबा, तुम्हीच काढा ना. एवढे आर्टिस्ट तुम्ही."

मी भेटीला गेलो तेव्हा बाबांभोवती चुरगळलेले कागद पडले होते. एक उलगडून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"कुकू हाय, नथ हाय. मधी आवडी नाय."

 मग ते सांगू लागले. शिमग्याला नि गणपतीला तेवढे मुंबईहून घरी येणे. परत निघताना आवडी खिंडीपर्यंत पोचवायला येई. पोचवून फिरलेल्या बाईने मागे वळून बघू नये, असा वाडीचा रिवाज. बघितले तर जाणाऱ्याचे पाऊल अडते म्हणतात. ती उताराला लागे आणि हे खिंडीत उभे राहून ती झाडीआड होईपर्यंत बघत राहत.

"तेवढाच डोल्यात राहिला, गुरुजी. तोंड बघायचा तवा गाडीची घाई."

बाराव्याला पाटावर फ्रेम होती. तिच्यात उतरता डोंगर, कमरेला खोचलेला पदर, डावा खांदा जरा कललेला. कोण ही, असे कोणीही विचारले नाही. शेजारची साळूबाई उंबऱ्यातच थबकली आणि तिने हंबरडा फोडला, "आवडे, गो आवडे, मागं बघ गो एकदा!"

हार हातात घेऊन बाबा फ्रेमपुढे उभे होते.

"नको हाका मारू, साळू," ते हळूच म्हणाले. "नाय बघायची ती. रिवाज हाय."