मंदाच्या घरचा कडू घास

मलकापूर स्टेशनावर मला गाडीत बसवताना भावानं पुन्हा विचारलं, "पीठ घेतलं ना व ताई?"

घेतलं होतं. ज्वारीचं पीठ, बेसन, तिखट आणि लहानसा लोखंडी तवा. परदेशात जाताना माणसं स्वेटरांची काळजी करतात, मी पिठाची. मला गहू बाधतो. पोळी सोडाच, चिमूटभर मैदा पोटात गेला तरी मी आडवी होते.

या खेपेला मात्र पीठ माझ्यासाठी नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीचा, मंदाचा नवरा जर्मनीत अचानक गेला. आमच्या सोनाळ्यात मयताच्या घरच्यांनी चूल पेटवायची नसते. माहेरचं माणूस भाकर-पिठलं रांधतं आणि पहिला घास आपल्या हातानं भरवतं. तो कडू घास. मला व्हिसा मिळेपर्यंत इकडे तेरावं उरकलं, पण मंदाच्या तोंडी तो घास पडला नव्हता. फोनवर एकच म्हणायची, "भूकच नाही लागून राह्यली."

निघताना आईनं बजावलं, "घास तूच रांधजो. तिले चुलीपाशी जाऊ देऊ नको."

तिकडच्या विमानतळावर सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, माझी बॅग आलीच नाही. उद्या घरपोच मिळेल, असं काउंटरवरच्या मुलीनं हसून सांगितलं. हसायला काय झालं होतं देव जाणे. मी तिथंच खाली बसून रडले.

मंदाचं गाव नदीकाठचं, लाल उतरत्या छपरांचं. रस्ते कसे पुसून काढलेले, आणि माणूस औषधालाही नाही. कोपऱ्यावर बेकरी होती. ताज्या पावाच्या वासानं भूकही खवळली आणि भीतीही वाटली.

मंदानं दार उघडलं. गळ्यात पडली नाही. "आली का व ताई," एवढंच म्हणाली आणि नवऱ्याचा स्वेटर अंगात घालून पुन्हा सोफ्यावर जाऊन पडली. तिची काटक्यांसारखी मनगटं बघवत नव्हती.

संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्या बाई पातेलंभर सूप घेऊन आल्या. दुःखाच्या घरी शेजारणीनं अन्न आणायचं, हे तिकडेही आहे तर! मंदाचा डोळा लागला होता, तिला कशाला उठवा, म्हणून मी मोबाइलवर जर्मन भाषांतर करून दाखवलं, 'यात गहू आहे का?' बाईंनी नकारार्थी मान हलवली. गाजर, बटाटा, बस. पाव नाही म्हणजे गहू नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. सूप दाट व्हायला घातलेला मैदा त्यांच्या खिजगणतीतच नव्हता. मी भुकेली, गटागटा प्यायले.

सकाळी बॅग आली, तेव्हा मी बाथरूमच्या दाराशी मुटकुळं करून पडले होते. आणि मंदा उठली.

"काऊन खाल्लं व तू, न विचारता?" ती खेकसली.

"विचारलं होतं त्यायले!"

"मले विचारायचं ना!"

दुपारनंतर माझं पोट निवळलं. तिनं तवा गॅसवर ठेवला, पीठ परातीत काढलं.

"मंदे, चुलीपाशी जाऊ नको. आई मले जित्ती सोडणार नाही."

"मंग मर उपाशी!"

'मर' हा शब्द तोंडून निघाला, तशी तिनं पाठ फिरवली. ती भाकरी थापायला लागली. पहिली तुटली, दुसरी जमली; मग पिठलंही तिनंच केलं. मी भिंतीला टेकून बघत राहिले, कारण उभं राहायचं बळ नव्हतं. मला फार लाज वाटली. घास द्यायला आलेली मी, आणि रांधत होती ती.

मी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तिला भरवला. कितीतरी वेळ चावत होती. मग तिनं एक तुकडा माझ्या तोंडात घातला आणि हंबरडा फोडला. शेजारच्या बाई धावत आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

पुढे मी होते तोवर रोज भाकर झाली. सोबत चल म्हटलं, तर मंदा यायला तयार नव्हती. नवऱ्याची रक्षा तिथंच पुरलेली. निघताना उरलेलं पीठ आणि तवा तिच्याकडे ठेवून आले.

सोनाळ्याला पोचले, तर आईनं पाय धुवायला पाणी द्यायच्या आधीच विचारलं, "घास कोनं रांधला?"

खोटं बोलायचं ठरवून आले होते. जमलं नाही, सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता आईच्या तोंडाचा पट्टा सुटणार.

"तिले कोनं भरवला?" आईनं विचारलं.

"म्या."

"अन् तुले?"

"तिनं."

आईनं पदर तोंडाला लावला. "तू तं आली निघून. आता तिचं तिनंच रांधाव, तिचं तिनंच खाव. असा घास घशाखाली उतरते का व?"

माझं ताट वाढलेलं होतं. मी भाकरीचा तुकडा मोडला आणि आईच्या तोंडाशी नेला. तिनं मान फिरवली. मी हात तसाच धरून ठेवला.