पाच वर्षं थांबलेला फंड

पलटणीतून निवृत्त झालो तेव्हा मिळालेल्या पैशातला मोठा भाग मी एका म्युच्युअल फंडात घातला. सुचवणारा माझ्याच पलटणीतला मित्र. निवृत्तीनंतर तो आष्ट्याला फंडांचा एजंट झाला होता. ज्याच्याबरोबर बर्फात हिवाळे काढले, त्याच्या शब्दावर सही करताना मी कागद वाचलासुद्धा नाही.

पाच वर्षं फंड जागचा हलला नाही. मी फोन केला की तो म्हणायचा, "थांब गड्या, काढू नगंस. लय लांबचा खेळ हाय ह्यो." मी थांबलो.

मग गेल्या दिवाळीनंतर तो न सांगता वडूजला आमच्या घरी आला. पाणी प्यायच्या आधीच त्यानं पिशवीतून फॉर्म काढला. "ह्यातनं काढ आन् ह्या नव्या फंडात घाल. हितं सही कर." फॉर्म आधीच भरलेला होता, माझ्या बँकेच्या खाते नंबरासकट.

पाच वर्षं थांब म्हणणाऱ्याला एकाएकी घाई का झाली? मी म्हणालो, चष्मा सापडत नाही. चष्मा खिशातच होता.

चहा घेऊन आलेल्या बायकोनं सरळच विचारलं, "भावजी, तुमचं सोताचं पैसं कुठल्या फंडात हायत?"

"माझं कुठलं आता, वैनी? ह्याच फंडात हुतं. पोरीच्या लग्नाला काढलं समदं."

त्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती.

"म्हंजी तू काढलंस आन् मला थांब म्हणत ऱ्हायलास?" मी म्हणालो.

"मला गरज हुती रं. तुला न्हवती."

हे खरंही असेल. पण बोलताना तो माझ्याकडे नाही, कपाकडे बघत होता. फॉर्म ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं साताऱ्याला फंडाच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. याच प्रकारचे बाकीचे फंड दरवर्षी पुढं गेले होते, आमचा मागंच. मी विचारलं, "नव्या फंडात एजंटाला कमिशन जास्त मिळतं का?"

"ते मला नाही सांगता येणार, काका," ती म्हणाली आणि स्क्रीन परत फिरवली.

मी तिथंच सगळं विकून टाकलं आणि पैसे बँकेत मुदत ठेवीत ठेवले.

आठवड्यानं त्याचा फोन आला. "इकलंस व्हय?"

"व्हय."

"बरं केलंस," म्हणाला आणि तब्येतीवर बोलायला लागला. त्या "बरं केलंस"चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

त्यानं सांगितलेला नवा फंड मी अधूनमधून मोबाइलवर बघतो. चांगला वर गेलाय. म्हणजे सल्ला खरा होता, की त्याचा नुसता अंदाज बरोबर आला? बायको म्हणते, "आवं, इचारा की त्यास्नी." विचारायचं तर आधी माझा संशय बोलून दाखवावा लागेल, म्हणून मी विचारत नाही. त्याचेही फोन आता कमी झालेत.